ग्राफीनची रेडिमेड चिप आणि तिच्यावर सोन्या-चांदीचे नॅनोकण : पैसे वसूल होतात का?

ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थरावर, धातूचे नॅनोकण टाकून डिव्हाइस करायचंय तर तयार चिप मागवू की कॉपर फॉइलवरचं ग्राफीन आणून आपणच सिलिकॉनवर ट्रान्सफर करू, हे लॅबमधली नवीन मुलं सारखं विचारतात आणि दरवेळी तोंडी सांगताना अर्ध्या गोष्टी राहून जातात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. ही चिप मी सोन्यासाठी वापरलीय, चांदीसाठी वापरलीय, पॅलेडियमसाठीही वापरलीय, त्यामुळे खाली जे आहे ते हातानं केलेलं आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवून बघितलं आणि गुण-दोष सगळीकडे थोड्याफार फरकानं तेच निघाले.

आधी निकाल सांगते. चिप चांगली आहे, घ्या. फक्त ती कोरी आहे असं धरून चालू नका. तुमच्या हातात पडेपर्यंत ती हवेनं, पाण्यानं, पॉलिमरनं आणि कॉपर विरघळवणाऱ्या केमिकलनं आधीच डोप झालेली असते, म्हणजे तिच्यात बाहेरून चार्ज आलेला असतो, आणि हे न मोजता वर सोनं टाकलं तर नंतर जो आकडा येतो तो सोन्याचा किती आणि आधीचा किती हे कुणालाच सांगता येत नाही. माझ्या मते या विषयावर जी उलटसुलट रिझल्ट्स वाचायला मिळतात त्यातली बरीचशी इथूनच येतात.

आता वस्तू काय आहे ते. एक सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटरचा सिलिकॉनचा तुकडा, खालचं सिलिकॉन भरपूर डोप केलेलं म्हणजे तेच गेट, म्हणजे व्होल्टेज लावून ग्राफीनमधला चार्ज कमी-जास्त करायचा इलेक्ट्रोड, म्हणून वापरता येतं, त्यावर ३०० नॅनोमीटर सिलिकॉन डायऑक्साइड आणि त्यावर सीव्हीडीनं, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागावर वायूमधून थर वाढवायच्या पद्धतीनं, वाढवलेलं एका थराचं ग्राफीन. ग्राफीन वाढवलेलं असतं कॉपर फॉइलवर, साधारण १००० डिग्रीला मिथेन सोडून. ही पद्धत टेक्सासच्या रुऑफ यांच्या ग्रुपनं २००९ मध्ये दाखवली आणि तेव्हापासून ग्राफीन खऱ्या अर्थानं विकत मिळायला लागलं. त्याआधी गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये मँचेस्टरला चिकटपट्टीनं ग्रॅफाइटवरून थर सोलून काढले होते, त्यालाच २०१० चं नोबेल मिळालं, आणि सोललेलं ग्राफीन क्वालिटीत आजही उजवंच आहे, पण ते मायक्रॉनमध्ये मिळतं, सेंटिमीटरमध्ये नाही. नॅनोकण टाकून शीट रेझिस्टन्स, म्हणजे पातळ थराच्या चौरस तुकड्याचा रोध, मोजायचा तर मोठा तुकडा लागतोच.

डोपिंगची गरज का पडते, हे ज्यांनी ग्राफीन फक्त ऐकलंय त्यांच्यासाठी दोन वाक्यांत. ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉन पळतात जोरात, पण डिराक पॉइंटला, म्हणजे ग्राफीनमध्ये जादा इलेक्ट्रॉनही नाहीत आणि तुटवडाही नाही अशा स्थितीला, पळायला इलेक्ट्रॉनच जवळजवळ नसतात, म्हणून एका थराच्या सीव्हीडी ग्राफीनचा शीट रेझिस्टन्स काहीशे ओहम पर स्क्वेअर येतो, आणि मोबाइलच्या स्क्रीनमध्ये जे आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइड) वापरतात ते १०-२० ओहमला मिळतं. ग्राफीनचा एक थर फक्त २.३ टक्के उजेड शोषतो, वाकतो, त्याला इंडियमसारखं महाग मूलद्रव्य लागत नाही, सगळं छान, पण हा रेझिस्टन्स खाली आला नाही तर इलेक्ट्रोड म्हणून त्याला कोण विचारणार? २०१० मध्ये कोरियाच्या टीमनं ३० इंची ग्राफीन रोलवरून काढून दाखवलं, चार थर एकावर एक ठेवून आणि नायट्रिक ॲसिडनं डोप करून रेझिस्टन्स ३० ओहमपर्यंत आणला. पण नायट्रिक ॲसिड उडून जातं, डोपिंग टिकत नाही. धातूचे कण जागेवर बसून राहतात, म्हणून सगळे तिकडे वळले.

पॅकिंगबद्दल चांगलंच बोलेन. चिप चिकट जेलच्या डबीत, डबी व्हॅक्यूम पाऊचमध्ये, वर नायट्रोजन. उघडल्यावर डोळ्यांना फक्त जांभळट चकचकीत तुकडा दिसतो, ग्राफीन दिसत नाही, मग मायक्रोस्कोपखाली धरलं की ३०० नॅनोमीटर ऑक्साइडमुळे ग्राफीनचा भाग किंचित गडद जांभळा दिसायला लागतो. तिथे कडेला बघा, जिथे ग्राफीन संपतं तिथली रेघ शोधली की नजर बसते. माझ्या चिपांवर मधे सुरकुत्या होत्या, त्या कॉपर आणि ग्राफीन थंड होताना वेगवेगळे आकसतात म्हणून येतातच, काही ठिकाणी दोन थरांचे छोटे गडद ठिपके होते, आणि कोपऱ्यात ट्वीझरनं धरल्याच्या फाटलेल्या खुणा. मधला भाग मात्र सलग. कव्हरेजचा जो दावा केलेला असतो तो मधल्या भागात मला पटला, कडेचा एखादा मिलिमीटर सोडून द्या. शिवाय पीएमएमए या पॉलिमरचे बारीक पांढरट थेंबासारखे डाग दिसतात. ट्रान्सफर करताना आधाराला पीएमएमएचा थर देतात आणि नंतर ॲसिटोननं काढतात, पण तो पूर्ण कधीच निघत नाही. हे लक्षात ठेवा, कारण सोन्याचे कण नेमके या डागांवर आणि सुरकुत्यांवर आधी जमतात.

पहिलं काम, चिपवर शॅडो मास्क, म्हणजे भोकं पाडलेली पातळ पट्टी, ठेवून धातूचे कॉन्टॅक्ट टाका आणि गेट व्होल्टेज फिरवून डिराक पॉइंट (जिथे रेझिस्टन्स सगळ्यात जास्त तो) कुठे आहे ते बघा. शुद्ध ग्राफीनला तो शून्य व्होल्टवर यायला हवा. माझ्याकडे हवेत मोजलं तर तो ३० व्होल्टच्या पुढे, आणि पुण्यातल्या पावसाळ्यात मोजलं तर आणखीच पुढे. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर गेटच्या दर व्होल्टला चौरस सेंटिमीटरमागे साधारण ७,२०० कोटी चार्ज येतात, म्हणजे ३० व्होल्ट सरकलेला डिराक पॉइंट म्हणजे दोन लाख कोटींच्या वर होल्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, आधीच बसलेत, तुम्ही अजून सोन्याची बाटली उघडलेलीही नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन ओढून घेतात, त्याचा हा परिणाम. रात्रभर व्हॅक्यूममध्ये थोडी गरम करून ठेवली की पॉइंट बराच मागे सरकतो, पण शून्यावर येत नाही, उरलेलं पीएमएमएचं आणि ऑक्साइडच्या पृष्ठभागाचं देणं असतं. आणि उलटसुलट स्वीपमध्ये हिस्टेरेसिस, म्हणजे जाताना आणि येताना मिळणाऱ्या वक्रांतला फरक, किती आहे तेही नोंदवून ठेवा, तो जास्त असेल तर खाली पाणी अडकलंय. माझ्या हिशेबात हा भाग चिपच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे, बाकी सगळे आकडे यावर उभे राहतात, आणि मुलं घाईत नेमकं हेच गाळतात.

आता सोनं. दोन रस्ते आहेत, गोल्ड क्लोराइडचं द्रावण किंवा व्हॅक्यूममध्ये धातूची वाफ करणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये सोनं उडवणं, आणि दोन्हीत 'सोन्यानं डोप केलं' असं लिहिलं जात असलं तरी आत घडतं ते वेगळं.

गोल्ड क्लोराइड सोपं आहे म्हणून सगळे आधी तेच करतात. काही मिलिमोलरचं द्रावण, स्पिन कोटरवर दोन हजार आरपीएमच्या आसपास मिनिटभर, झालं. सोन्याच्या आयनला इलेक्ट्रॉनची एवढी हाव असते की तो ग्राफीनकडूनच इलेक्ट्रॉन घेतो आणि धातू होऊन तिथेच कण बनून बसतो, ग्राफीनमध्ये होल्स राहतात. इलेक्ट्रॉन पुरवणारं वेगळं रिड्यूसिंग एजंट लागतच नाही. क्लोरोऑरेटचं (द्रावणातल्या सोन्याच्या आयनचं) रिडक्शन पोटेन्शियल, म्हणजे इलेक्ट्रॉन घ्यायची ओढ, १ व्होल्टच्या आसपास आहे, चांदीच्या आयनचं ०.८, त्यामुळे चांदी हेच काम जरा आळसानं करते. पावडर मात्र जपून हाताळा, हवेतलं पाणी ओढून चिकट होते, उजेड चालत नाही, आणि स्टीलच्या स्पॅट्युलानं घेऊ नका, स्पॅट्युलावरच सोनं चढतं, प्लास्टिक किंवा काच वापरा. जुन्या पेपरांमध्ये सॉल्व्हंट म्हणून नायट्रोमिथेन दिलेलं असतं, ते पेट घेतं आणि त्याचा स्फोटही होऊ शकतो, फ्युम हूडशिवाय आणि सेफ्टीवाल्यांना न सांगता त्याला हात लावू नका.

रिझल्ट पहिल्या दिवशी डोळे दिपवणारा येतो. पाचशेच्या घरातला शीट रेझिस्टन्स दीडशे-पावणेदोनशेवर. डिराक पॉइंट शोधायला जाल तर गेट १०० व्होल्टपर्यंत नेलं तरी सापडत नाही, आणि हिशेब केला तर कळतं का, दहा लाख कोटी होल्स म्हणजे जवळपास १४० व्होल्ट लागतील, तिथपर्यंत ऑक्साइडची खात्री देता येत नाही. मग काही आठवडे जातात आणि रेझिस्टन्स हळूहळू वर चढायला लागतो. हॉट प्लेटवर १५० डिग्रीला ठेवा, तासाभरातच बरंचसं डोपिंग गेलेलं असतं. कारण या खेळात सोन्याच्या कणापेक्षा क्लोरीनचा वाटा मोठा आहे. ग्राफीनवरची होल्स टिकून राहतात ती शेजारी बसलेल्या क्लोराइडमुळे, क्लोरीन उडालं की डोपिंग उतरतं, कण तसेच दिसत राहतात. कोरियातल्या संशोधकांनी क्लोराइडच्या जागी दुसरे ॲनायन (ऋण आयन) असलेली सोन्याची संयुगं वापरून हे तपासलंय, आणि टिकाऊपणा ॲनायनप्रमाणे बदलतो हेच दिसलं. म्हणून एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) सुंदर सोन्याचे कण दाखवून 'आमचं डोपिंग स्थिर आहे' असं कुणी म्हणालं तर महिन्यानंतरचा रेझिस्टन्स विचारा.

आणि कण लहान-मोठे होतात, काही २० नॅनोमीटरचे तर काही १०० च्या पुढचे. सेन्सरला चालेल. पण त्यावर ओएलईडी करायचा असेल तर आतले सगळे ऑरगॅनिक थर मिळून साधारण शंभर-दोनशे नॅनोमीटर, त्यात १०० नॅनोमीटरचा सोन्याचा खडा उभा राहिला की सरळ शॉर्ट. द्रावण पातळ करून पुन्हापुन्हा कोट केलं तर कण लहान राहतात, हे मला उपयोगी पडलं.

दुसरा रस्ता इव्हॅपोरेशनचा, आणि मला हा जास्त भरवशाचा वाटतो. जाडी मोजणाऱ्या क्रिस्टल मॉनिटरवर १ नॅनोमीटर दाखवेपर्यंत सोनं टाकायचं, अगदी सावकाश, सेकंदाला अँगस्ट्रॉमचा दहावा-पाचवा हिस्सा. ग्राफीन आणि सोन्याचं एकमेकांशी फार जमत नाही, त्यामुळे तेलकट तव्यावर पाणी पडावं तसं सोनं पसरत नाही, त्याची वेगवेगळी बेटं होतात. १ नॅनोमीटर ही सरासरी झाली, प्रत्यक्षात काही नॅनोमीटर उंचीची बेटं आणि मधे मोकळं ग्राफीन. नंतर तापवलं तर बेटं एकत्र येऊन कमी आणि मोठी होतात, म्हणजे कणांचा आकार हॉट प्लेटवरच ठरवता येतो, ही सोय क्लोराइडमध्ये नाही. साधा थर्मल इव्हॅपोरेटर घ्या. स्पटरिंग, म्हणजे आयनांचा मारा करून धातू उडवणं, अजिबात नको, जोरात येणारे अणू ग्राफीनला भोकं पाडतात आणि रामनमध्ये (लेसर पाडून विखुरलेला उजेड मोजतात त्या चाचणीत) १३५० ला दोष दाखवणारा डी पीक उभा राहतो, तो एकदा आला की जात नाही. तुमच्या कॉलेजात इव्हॅपोरेटर नसेल तर आयआयटी मुंबईच्या नॅनोफॅब्रिकेशन फॅसिलिटीत इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅममधून बाहेरच्या लोकांना काम करायची सोय झालेली आहे, गाईडला सांगून प्रपोजल टाका, लाजू नका.

आता खरा गुंता. इव्हॅपोरेट केलेलं सोनं होल्स देतं की इलेक्ट्रॉन? पुस्तकी उत्तर असं की ग्राफीनचं वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, ४.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, सोन्याचं त्याहून जास्त, म्हणजे इलेक्ट्रॉन सोन्याकडे जाणार आणि ग्राफीन पी-टाइप (होल्स जास्त; इलेक्ट्रॉन जास्त तर एन-टाइप) होणार. पण २००८ मध्ये जिओव्हानेट्टी आणि सहकाऱ्यांनी गणित करून दाखवलं की धातू जवळ आला की दोघांच्या मधल्या जागेत स्वतःचा एक डायपोल, म्हणजे धन-ऋण चार्जची जोडी, तयार होतो, आणि त्यामुळे पी आणि एन यांची सीमा ४.५ वर न राहता ५.४ च्या आसपास सरकते. ॲल्युमिनियम, चांदी, तांबं एन बाजूला, सोनं आणि प्लॅटिनम पी बाजूला, आणि निकेल, कोबाल्ट, पॅलेडियम, टायटॅनियम तर ग्राफीनशी बाँडच करून त्याचे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे बँड बिघडवून टाकतात. सोन्याचं वर्क फंक्शन पृष्ठभाग कुठला त्यावर ५.१ ते ५.५, म्हणजे बिचारं बरोबर सीमारेषेवर बसलंय, जराशी घाण, जरासा ओलावा, कणाचा आकार बदलला की इकडचं तिकडे. त्यानंतर २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या कावाकामी यांच्या ग्रुपनं व्हॅक्यूममध्येच धातू टाकत टाकत मोजमाप केलं, हवा लागूच दिली नाही, तर टायटॅनियम, लोखंड आणि चक्क प्लॅटिनमचेही क्लस्टर्स एन-टाइप डोप करताना दिसले, प्लॅटिनमचं वर्क फंक्शन एवढं मोठं असूनही. मला हा प्रयोग या सगळ्या विषयातला सगळ्यात प्रामाणिक प्रयोग वाटतो, कारण आधी आणि नंतर यांच्या मधे फक्त धातू बदलला, दुसरं काहीही नाही. आपण चिप इव्हॅपोरेटरमधून काढतो, हवेत नेतो, प्रोब स्टेशनवर ठेवतो, तेवढ्या वेळात ऑक्सिजननं आपलं काम केलेलं असतं आणि आपण श्रेय सोन्याला देतो. जमेल तर बिनधातूची एक चिप सोबत ठेवा, तीच हवा तिलाही खाऊ द्या, आणि वजाबाकी करा. एका चिपचे पैसे जास्त जातात, पण पेपर तपासणाऱ्या रेफरीच्या प्रश्नाला उत्तर मिळतं.

मोबिलिटीचं, म्हणजे इलेक्ट्रॉन किती सहज पळतात त्याचं, काय होतं हेही विचारतात. पडते. प्रत्येक चार्ज झालेला कण जाणाऱ्या-येणाऱ्या इलेक्ट्रॉनला धक्का देतो. याच रिव्हरसाइडच्या ग्रुपनं २०१० मध्ये सोन्यावर एक फार सुंदर गोष्ट दाखवली, अतिथंड ग्राफीनवर सोन्याचे सुटे अणू टाकले तर मोबिलिटी खाली गेली, आणि मग नुसतं तापमान वाढू दिलं, अणू सरकून क्लस्टर झाले, सोनं तेवढंच असूनही मोबिलिटी वर आली. म्हणजे तेवढंच सोनं मोठ्या कणांत असेल तर त्रास कमी. ट्रान्झिस्टर करणाऱ्यांना माझा सल्ला असा की धातूच्या कणांच्या नादी लागू नका, ग्राफीनला मुळातच बँडगॅप (इलेक्ट्रॉनला राहता येत नाही असा ऊर्जेचा पट्टा) नाही, ट्रान्झिस्टर नीट बंद होत नाही, आणि कण टाकून तो बंद व्हायला लागत नाही. इलेक्ट्रोड, सेन्सर, फोटोडिटेक्टर, इथे मात्र जरूर करा.

चांदीबद्दल थोडक्यात. डोपिंगच्या बाजूनं एन-टाइपसाठी इव्हॅपोरेट केलेली चांदी बरी, स्वस्त, पण हवेतल्या सल्फरनं काळी पडते, आणि एकदा वर सल्फाइड आलं की तुम्ही मोजताय ते चांदीचं राहत नाही. वरून पातळ ॲल्युमिना किंवा पॉलिमरचा थर द्यावा लागतो. मी चांदीचं काम थांबवलंय.

पॅलेडियम मात्र मनापासून आवडलं. हायड्रोजन आला की पॅलेडियमच्या कणावर रेणू तुटतो, अणू आत शिरतात, हायड्राइड बनतं, वर्क फंक्शन खाली येतं, ग्राफीनकडे इलेक्ट्रॉन जातात, आणि तुमच्या मल्टिमीटरवर रेझिस्टन्स हलताना दिसतो. ग्राफीन पी-टाइप असेल, आणि हवेत ते असतंच, तर हायड्रोजन आल्यावर होल्स कमी होतात आणि रेझिस्टन्स वाढतो. ही दिशा पाठ करून ठेवा, उलट दिसलं तर तुमचं ग्राफीन एन-टाइप झालंय किंवा तुम्ही दुसराच वायू मोजताय. नुसतं ग्राफीन हायड्रोजनला जवळजवळ दादच देत नाही, पॅलेडियम टाकल्यावर तीच चिप बोलायला लागते. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की पेट घेऊ शकतो, त्यामुळे सेन्सरला त्याच्या खूप खालीच इशारा द्यायला हवा, आणि खोलीच्या तापमानाला, हीटर न लावता ते जमतंय म्हटल्यावर ही चिप मला मोलाची वाटते. एक त्रास आहे, हायड्रोजन बंद केला की परत मूळ रेझिस्टन्सवर यायला वेळ लागतो, थोडं गरम करावं लागतं.

उजेडाच्या कामासाठी सोनं-चांदीचे कण डोपिंगपलीकडचंही काही देतात. सोन्याचा लहान कण ५२० नॅनोमीटरच्या आसपास, चांदीचा ४०० च्या आसपास उजेड पकडून आपल्याभोवती गोळा करतो, आणि २.३ टक्के शोषणाऱ्या ग्राफीनला तो जास्तीचा उजेड मिळतो. २०११ मध्ये मँचेस्टर आणि केंब्रिजच्या लोकांनी ग्राफीन फोटोडिटेक्टरच्या कॉन्टॅक्टजवळ सोन्याच्या नॅनोरचना ठेवून फोटोव्होल्टेज २० पटीपर्यंत वाढवून दाखवलं. माझ्या चिपवर एवढं काही मिळालं नाही, इव्हॅपोरेट केलेली बेटं ठरवून कोरलेल्या रचनांइतकी नेटकी नसतात, पण हिरव्या उजेडात फरक स्पष्ट दिसतो.

रामनवाल्यांसाठी एक इशारा, कारण बहुतेक जण चिप नीट आहे का आणि डोपिंग झालं का हे रामनवरूनच ठरवतात. बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये अजय सूद यांच्या ग्रुपनं २००८ मध्ये केंब्रिजच्या फेरारींसोबत गेट लावलेल्या ग्राफीनवर हे इतकं व्यवस्थित मोजून ठेवलंय की आजही तोच आधार, डोपिंग होल्सचं असो की इलेक्ट्रॉनचं, ग्राफीनचा जी पीक १५८२ वरून वर सरकतो आणि अरुंद होतो, टूडी हा त्याचा दुसरा पीक होल्ससाठी वर जातो आणि भरपूर इलेक्ट्रॉन भरले की खाली येतो, आणि टूडी भागिले जी हे गुणोत्तर दोन्हीकडे पडतं. आता गंमत अशी की सोन्याचे कण असले की ५३२ नॅनोमीटरच्या लेसरला ते सिग्नलच फुगवतात, शिवाय स्वतःचा चमकीचा बॅकग्राउंड टाकतात, त्यामुळे पीकच्या उंचीवर विसंबायचं नाही, जागा बघायची. आणि जागासुद्धा ताणामुळे सरकते, सुरकुत्या आठवा. यासाठी २०१२ मध्ये आलेली युक्ती वापरा, एका चिपवरच्या भरपूर बिंदूंसाठी जी आणि टूडीच्या जागा एकमेकांसमोर प्लॉट करा, चढ २.२ च्या आसपास आला तर ताण आहे, ०.७ च्या आसपास आला तर होल डोपिंग. एकाच बिंदूचा रामन दाखवून डोपिंग सिद्ध झालं म्हणणारं प्रेझेंटेशन मी आता ऐकून घेत नाही, लगेच हात वर करते.

सर्व्हिसबद्दल. ऑर्डर ते डिलिव्हरी वेळ लागतो, कस्टममध्ये अडकतं, ग्रांट मार्चमध्ये संपणार असेल तर दिवाळीच्या आसपासच पीओ (खरेदीची ऑर्डर) काढा. एका कंपनीच्या दोन बॅचमध्ये मला डिराक पॉइंटमध्ये एवढा फरक मिळाला की एका बॅचवर केलेला 'आधी' आणि दुसऱ्या बॅचवर केलेला 'नंतर' यांची तुलनाच होऊ शकत नव्हती, विचारल्यावर उत्तर आलं की मोबिलिटी आणि कव्हरेज स्पेसिफिकेशनमध्ये बसतंय. बसतंय हो, पण डोपिंगचं काम करणाऱ्याला डिराक पॉइंट किती ते हवं असतं आणि ते डेटाशीटवर नसतं. हे असायला हवं, मोजायला अर्धा तास लागतो. एकाच प्रयोगाच्या सगळ्या चिपा एकाच बॅचमधून मागवा आणि बॅच नंबर वहीत लिहा.

कॉपर फॉइलवरचं ग्राफीन आणून स्वतः ट्रान्सफर करणं स्वस्त पडतं आणि शिकायला उत्तम आहे, हात बसला की कंपनीपेक्षा स्वच्छही करता येतं. पण हात बसायला वेळ जातो. एमएस्सीचा सहा महिन्यांचा प्रोजेक्ट असेल तर रेडिमेड चिप, पीएचडी असेल तर फॉइल घ्या आणि तुलनेसाठी थोड्या रेडिमेड ठेवा.

माझे गुण, पाचपैकी. पॅकिंगला पाच. ग्राफीनच्या सलगपणाला चार. बॅचमधल्या सारखेपणाला अडीच. माहिती देण्याला दोन. सेन्सरसाठी चिप म्हणून साडेचार, पारदर्शक इलेक्ट्रोडसाठी साडेतीन, ट्रान्झिस्टरवर धातूचे कण टाकण्यासाठी एक.

कोटेशन मागवताना एक प्रश्न लिहून विचारा, कॉपर कशात विरघळवलं, फेरिक क्लोराइडमध्ये की अमोनियम परसल्फेटमध्ये, आणि नंतर कशानं धुतलं. २०१५ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ट्रान्सफर केलेल्या ग्राफीनवर उरलेलं तांबं आणि लोखंड मोजलं, ते चौरस सेंटिमीटरमागे दहा लाख कोटी अणूंच्या वर निघालं. तेवढे अणू म्हणजे आपण मुद्दाम सोनं टाकून मिळवतो त्या होल्सच्या संख्येशी गाठ घालू शकेल असा आकडा आहे. परसल्फेट वापरलं असेल तर निदान बाहेरून लोखंड येत नाही. माझ्या ईमेलला ज्यांनी या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं त्यांच्याकडूनच मी आता चिपा घेते.